पाळणा की झोपलेला झाँ?

भाचीच्या बाळाच्या बारशाला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या चित्राची प्रत फ्रेम करून द्यायची, एवढं ठरलंय. अडलंय ते चित्रापाशी. दोन्हींत मोनेचा मुलगा झाँच आहे: एक १८६७ चं 'पाळणा', दुसरं १८६८ चं झोपलेल्या झाँचं.

आधी भिंत बघा. 'पाळणा' उभं, मूळ चित्र साधारण ११६ बाय ८९ सेंटीमीटर. लहान प्रत काढली तर फुलाफुलांच्या कापडात बाळच हरवतं. दुसरं आडवं, मुळातच जेमतेम अर्धा मीटर रुंद. पलंगाच्या डोक्याशी आरामात मावतं.

बाळ कुठे जास्त दिसतं? इथे मी पक्षपाती आहे. 'पाळण्या'त झाँ जागा, शेजारी बाई बसलेली, जवळ भिरभिरं, घरच दिसतं. झोपलेल्या चित्रात मात्र लालसर गाल, पांढरं अंथरूण आणि हातातली बाहुली, बस्स. झोपलेलं पोर जागं व्हायच्या आत बापाने घाईघाईत रंगवलंय असंच वाटतं. (झाँ ८ ऑगस्ट १८६७ ला पॅरिसमध्ये जन्मला तेव्हा हाच बाप नातेवाइकांकडे समुद्रकाठी होता, आणि झाँच्या आईशी, कामीलशी, लग्न १८७० मध्ये!)

खर्च? 'पाळणा' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यांच्या साइटवरून मोठी फाइल फुकट उतरवता येते. झोपलेलं चित्र कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक या संग्रहालयात.

काच दोन्हीला बिनचकाकीची घ्या.

हॉलची मोठी भिंत असेल तर 'पाळणा'. बाळाच्या खोलीसाठी झोपलेला झाँ. भाचीकडे दोनच खोल्या आहेत, तेव्हा मी तोच देतेय.