चुलीत लपलेली मुले: फिलिपाइन्सच्या लोककथांचा एक जुना संग्रह वाचताना

मेबल कुक कोल यांचा ‘फिलिपाइन फोक टेल्स’ हा संग्रह १९१६ मध्ये शिकागोच्या ए. सी. मॅक्लर्ग या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे तो आता प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, आणि मुलांसाठी आग्नेय आशियातील गोष्टी शोधणाऱ्या पालकांच्या हाती सहज पडतो. इंग्रजी सोपे आहे, बऱ्याच कथा दोन-तीन पानांत संपतात, माकडे, कासवे, खेकडे आणि मगरी यांची रेलचेल आहे. त्यामुळे रात्री झोपताना वाचून दाखवायला हे पुस्तक अगदी सोयीचे वाटते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ते जसेच्या तसे वाचून दाखवावे काय, एवढाच प्रश्न समोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे, कारण माणसाचा रंग, त्याचे रूप आणि त्याची योग्यता यांविषयी या पुस्तकात जे येते ते वरवर चाळताना लक्षात येत नाही.

पुस्तकाचा जो भाग निःसंशय उत्तम आहे त्याचा उल्लेख आधी करायला हवा. लुझोन बेटाच्या डोंगराळ भागातील टिंगियन लोकांच्या कथांनी संग्रहाची सुरुवात होते आणि हाच त्यातील सर्वांत समृद्ध विभाग आहे. या कथांत समारंभाचे आमंत्रण देण्यासाठी सुपाऱ्यांना तेल लावून, सोन्याने मढवून गावोगाव पाठवतात; त्या सुपाऱ्या स्वतःच बोलतात आणि कोणी यायला नकार दिला तर त्याच्या गुडघ्यावर किंवा त्याच्या लाडक्या डुकराच्या अंगावर झाड होऊन वाढू लागण्याची धमकी देतात. लग्नकार्याला सुपारी देऊन बोलावण्याची रीत ज्यांच्या घरात अजून आहे त्या मराठी वाचकाला हा प्रसंग विशेष गमतीचा वाटेल. बुकिदनोन लोकांची एक कथाही अशीच लोभस आहे. कापड रंगवताना आईच्या हातावर उकळते पाणी उडते, मुले हसतात आणि हसता हसता त्यांची माकडे होतात. ढवळायच्या शिंपल्यांच्या पळ्या त्यांच्या शेपट्या बनतात आणि रंगकामात हात भरल्यामुळे माकडांची नखे आजही काळी असतात. काळा रंग इथेही आहे, पण तो नुसता नखांना लागलेला डाग आहे, त्यावरून कोणाची पायरी ठरत नाही.

पायरी ठरते ती टागालोग लोकांच्या विभागातील सृष्टीच्या कथेत. आरंभी जमीन नसते, केवळ समुद्र आणि आकाश असते आणि त्या दोहोंमध्ये उडणारी एक घार असते. बसायला कुठे जागा नाही म्हणून कंटाळून ती समुद्राला आकाशाविरुद्ध चिथावते, आणि खवळलेल्या समुद्राला आवरण्यासाठी आकाश त्याच्यावर बेटांचा वर्षाव करते. पुढे पाण्यावर तरंगणारा एक बांबू त्या घारीच्या पायाला लागतो, ती चोच मारते, आणि एका पेरातून पुरुष व दुसऱ्यातून स्त्री बाहेर येते. इथपर्यंतची कथा कोणत्याही मुलाला डोळे विस्फारून ऐकावीशी वाटेल अशी आहे. त्यानंतर मात्र या जोडप्याला इतकी मुले होतात, आणि ती इतकी आळशी निघतात, की वैतागलेला बाप काठी घेऊन त्यांच्या मागे लागतो. जी मुले घरातल्या आतल्या खोल्यांत लपतात ती बेटांचे सरदार होतात. भिंतींमध्ये दडतात ती गुलाम होतात. बाहेर पळतात ती स्वतंत्र माणसे. चुलीत लपतात ती काळी. आणि समुद्राकडे पळून गेलेली मुले फार वर्षे परत येत नाहीत, पण त्यांची मुले परततात तेव्हा ती गोरी माणसे असतात.

मोठ्या माणसाने वाचायला ही कथा विलक्षण आहे. बांबूतून जन्मलेल्या पहिल्या जोडप्याची कथा मिगेल दे लोआर्का या स्पॅनिश गृहस्थाने १५८२ मध्येच बिसाया बेटांतून नोंदवून ठेवली होती, म्हणजे बेटांवर स्पेनची सत्ता सुरू करणारा लेगास्पी १५६५ मध्ये तिथे येऊन जेमतेम सतरा वर्षे झाली होती. समुद्रातून गोरी माणसे येतात हा शेवट त्या आगमनाआधी कोणाला सुचण्याचे कारण नाही, हे उघड आहे. परक्यांची जहाजे किनाऱ्याला लागली तेव्हा या लोकांनी आपल्या जुन्या कथेत त्यांच्यासाठी एक जागा केली आणि ते आपलेच पळून गेलेले भाऊबंद आहेत असे ठरवून टाकले. जेत्याला असे घरातला ठरवून टाकण्यात एक प्रकारचा खोचकपणाही असावा, असे मला वाटते. मुलाला यातले काही समजणार नाही. त्याला समजेल ते एवढेच, की काळा माणूस काळा आहे कारण त्याचा पूर्वज चुलीत घुसला, गुलाम हा गुलाम आहे कारण तो चुकीच्या जागी लपला, आणि या सगळ्यात कोणाचा अन्याय नाही, कारण असे व्हायचेच होते. काजळीने काळे झालेले अंग धुता येते, पण या कथेतली काजळी पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, आणि कथा सांगणारा त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही.

कथेत ज्यांना चुलीत बसवले आहे ते लोक काल्पनिक नाहीत. आएता, आती, आग्ता अशा नावांनी ओळखले जाणारे, ठेंगणे, सावळ्याहून गडद वर्णाचे आणि कुरळ्या केसांचे आदिवासी फिलिपाइन्समध्ये फार प्राचीन काळापासून राहत आले आहेत. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्याच्या उतारांवरील आएता कुटुंबांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. कोल यांच्या संग्रहात टिंगियन आहेत, इगोरोत आहेत, मिंदानाओ बेटावरील पाच जमाती आहेत, मोरो आहेत, इलोकानो, टागालोग आणि बिसाया आहेत. आएता लोकांची मात्र एकही कथा नाही. ते या पुस्तकात इतरांच्या कथेतील चुलीपुरते येतात, आणि माझ्या मते या संग्रहाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. एखाद्या समाजाविषयी दुसऱ्याने केलेली थट्टा छापायची असेल, तर निदान त्या समाजाची एखादी कथा शेजारी ठेवणे हे संपादकाचे काम होते.

मिंदानाओमधील बिलान लोकांच्या कथेविषयी मात्र माझे मत द्विधा आहे. तिच्यातील मेलू हा देव इतका प्रचंड आहे की ढगांवर बसला की वरचे सगळे आकाश व्यापून टाकतो. त्याचे दात सोन्याचे आहेत, तो अत्यंत स्वच्छताप्रिय आहे, आणि सतत अंग चोळल्यामुळे त्याची त्वचा शुभ्र झाली आहे. चोळून निघालेल्या मृत त्वचेचा ढीग साचतो, त्याची अडचण होऊ लागते, म्हणून तो त्यातून पृथ्वी आणि दोन माणसे घडवतो. अंगाच्या मळापासून गणपती घडवणारी पार्वती ज्यांना माहीत आहे त्या मुलांना यात काही विचित्र वाटणार नाही. फरक असा, की मळ काढल्यामुळे पार्वती गोरी झाली असे आपली कथा सांगत नाही. बिलान कथेत स्वच्छता आणि गोरेपणा एकाच वाक्यात येतात, आणि ज्या मुलांनी दूरचित्रवाणीवर साबणाच्या जाहिराती पाहिल्या आहेत त्यांच्या मनात ती दोन टोके आपोआप जुळतात. हे एक वाक्य सोडले तर पुढची कथा धमाल आहे. जमिनीखालून आलेला दुसरा एक देव माणसांना नाक बसवायचा हट्ट धरतो आणि नाकपुड्या वरच्या बाजूला ठेवतो. मग पाऊस पडतो, नाकात पाणी शिरून माणसे गुदमरू लागतात, आणि मेलू धावत येऊन नाके सरळ करतो. नाक चपटे की सरळ याची या कथेला काही फिकीर नाही, पाणी आत शिरत नाही एवढे पुरे. बाळाच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून ते वर ओढण्याची सवय फिलिपाइन्समधल्या घरांत आहे आणि आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही आहे, त्यामुळे ही कथा दोन्हीकडच्या आज्यांना ऐकवावी असे वाटते.

कथांपेक्षा जास्त खटकते ती त्यांच्याभोवतीची चौकट. कोल यांचे पती फे-कूपर कोल हे शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी मानववंशशास्त्राचे काम करत होते आणि त्यांच्यासोबत मेबल कोल यांनी चार वर्षे या जमातींमध्ये काढली. हे कष्ट खरे आहेत. तरीही प्रस्तावनेत मेबल कोल कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख ‘आपल्या बेटांवरच्या मालमत्तेतील काळसर कातडीचे रहिवासी’ अशा आशयाच्या शब्दांत करतात, आणि विभागांच्या शीर्षकांत मिंदानाओच्या लोकांना रानटी जमाती व सखल प्रदेशातील लोकांना ख्रिस्ती झालेल्या जमाती असे म्हणतात. १८९८ च्या पॅरिस तहाने अमेरिकेने ही बेटे दोन कोटी डॉलर देऊन स्पेनकडून घेतली होती, आणि १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात नेग्रितो (म्हणजे आएतांसारखे गडद वर्णाचे आदिवासी) व इगोरोत लोकांसह हजाराहून अधिक फिलिपिनो माणसांना प्रेक्षकांसमोर मांडले होते. बारा वर्षांनी निघालेल्या या पुस्तकाची भाषा त्याच वातावरणातील आहे. प्रस्तावना मुले वाचत नाहीत हे खरे, परंतु अनुक्रमणिका वाचतात, आणि ‘रानटी’ हा शब्द मुलांना फार लवकर पाठ होतो.

याच्या तुलनेसाठी जॉन मॉरिस मिलर यांचे ‘फिलिपाइन फोकलोअर स्टोरीज’ हे १९०४ चे छोटे पुस्तक पाहण्यासारखे आहे. ते थेट शाळकरी मुलांसाठी लिहिलेले असून, या कथा खोट्या आहेत हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर ठसवावे, नाहीतर कल्पनाळू देशी मुले त्या खऱ्या मानतील, अशी सूचना लेखकाने आरंभीच दिली आहे. त्यातील मांगिता आणि लारिना या दोन बहिणींची कथा रंगाच्या बाबतीत अनपेक्षित आहे. लागुना दे बाय सरोवराच्या काठी राहणाऱ्या कोळ्याची मुलगी मांगिता सावळी आणि काळ्याभोर केसांची असून वडिलांना जाळी दुरुस्त करायला मदत करते, रात्रीच्या मासेमारीसाठी मशाली करते. लारिना गोरी आणि सोनेरी केसांची असून दिवसभर केस विंचरते, फुलपाखरांना टाचणी टोचून केसांत माळते आणि त्यांची तडफड पाण्यात पाहून हसते. शेवटी लारिना सरोवराच्या तळाशी कायमची केस विंचरत बसते, आणि पावसाळ्यात पासिग नदीतून वाहत येणाऱ्या पाणवनस्पती तिच्या केसांतून निघालेल्या बियांच्या आहेत असे मानतात. सावळी मुलगी सद्गुणी, म्हणून ही कथा निर्धोक, असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. रंगावरून स्वभाव ओळखण्याची सवय इथेही तीच आहे, फक्त बाजू बदलली आहे. शिवाय लुझोनमधल्या कोळ्याच्या घरात सोनेरी केसांची मुलगी जन्माला येणे कसे शक्य आहे, हा साधा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही. बॉस्टनहून पुस्तक छापून येईपर्यंत लारिनाच्या केसांवर कोणीतरी रंग चढवला असावा, असा माझा संशय आहे.

सगळा दोष गोऱ्या राज्यकर्त्यांच्या माथी मारूनही भागत नाही. पनाय बेटाच्या डोंगराळ भागात ‘बिनुकोत’ नावाची प्रथा होती; निवडक मुलींना लहानपणापासून आतल्या खोलीत ठेवत, त्यांच्या अंगावर ऊन पडू देत नसत, त्यांचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून माणसे त्यांना उचलून नेत, आणि लांबलचक महाकाव्ये त्यांच्याकडून मुखोद्गत करून घेत. उन्हात राबणारा काळवंडतो आणि सावलीत बसणारा उजळ राहतो, हे गणित तिथे फार जुने आहे. स्पॅनिश आणि अमेरिकन राजवटींनी त्या गणिताला वंशाची जोड दिली, आणि रंग उजळण्यासाठी ग्लुटाथिऑनची इंजेक्शने व पपईचे साबण विकणाऱ्यांनी ते पुढे चालवले. म्हणूनच आजही शाळेत सांगितली जाणारी, देवाने मातीच्या बाहुल्या भाजल्याची गोष्ट मला तितकीशी निरागस वाटत नाही. पहिली बाहुली करपते, दुसरी कच्ची राहते आणि तिसरी खरपूस, गव्हाळ निघते, तोच फिलिपिनो. गव्हाळ मुलाला आपल्या रंगाचा अभिमान वाटावा हा हेतू चांगला आहे, पण वर्गात एखादे आएता मूल बसलेले असेल तर त्याने स्वतःला करपलेले समजायचे काय, याचे उत्तर ती गोष्ट देत नाही.

सावळ्या विठोबापुढे हात जोडून नात गोरी आहे ना, असे विचारणाऱ्या घरांतून आपण आलेलो असल्यामुळे या कथा ऐकताना आपल्या मुलांना काही नवीन कानावर पडणार आहे असे नाही. म्हणूनच कथा गाळण्यापेक्षा वय पाहून सांगाव्यात, असे मला वाटते. सहा-सात वर्षांच्या मुलांना टिंगियन विभागातील कासव आणि सरड्याची कथा, इलोकानो विभागातील माकड आणि कासव आणि बिसाया विभागातील खेकड्यांची लढाई निर्धास्तपणे वाचून दाखवावी. मेलूची कथा सांगताना त्वचा शुभ्र झाल्याचे वाक्य वगळले तर काहीच बिघडत नाही. घारीची आणि बांबूची कथा पहिले जोडपे बाहेर येते तिथे थांबवावी. तिचा उत्तरार्ध बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत, स्पॅनिश जहाजे आणि १५६५ हे साल नकाशासह समोर ठेवून वाचावा. त्या वयाची मुले चुलीत लपलेल्या भावंडाच्या बाजूने प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न कथेपेक्षा चांगले असतात.

ज्यांना ही संस्कृती खरोखर समजून घ्यायची आहे अशा प्रौढ वाचकांना हा संग्रह मी आनंदाने सुचवीन. मुलांच्या कपाटात तो एकटा ठेवू नये. फिलिपिनो लेखकांनी अलीकडे लिहिलेले आणि फिलिपिनो चित्रकारांनी रंगवलेले एखादे पुस्तक सोबत असावे. मूळ ग्रंथ फुकट असताना त्याच्या पुनर्मुद्रणासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही, तरी छापील प्रतच हवी असेल तर तिच्यात १९१६ ची प्रस्तावना आणि विभागांची मूळ शीर्षके जशीच्या तशी आहेत हे पाहूनच ती घ्यावी, कारण ती काढून टाकलेली प्रत हातात आली तर या कथा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या नजरेने गोळा केल्या हे वाचकाला कळणारच नाही.