क्वालकोडर: तंट्यांचं संशोधन शिकताना काही महिने वापरल्यानंतर

मध्यस्थीचं 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस समोरच्या दोन पक्षकारांना बोलतं करायला शिकतो. पण मध्यस्थीने नेमकं काय साधलं, कुणाचं साधलं, आणि ते टिकलं का, हे तपासायचं कसं हा वेगळाच अभ्यास आहे. मी वकिली आणि मध्यस्थी करत करत संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम घेतला. विषय शेतजमिनीचे तंटे: बांध कोरणं, वहिवाटीचा रस्ता अडवणं, भावाभावांतली वाटणी. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून त्यासाठी क्वालकोडर वापरते आहे. जे कायद्याच्या किंवा समाजकार्याच्या वाटेने या विषयात येताहेत त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते.

क्वालकोडर म्हणजे मुलाखती, टिपणं, कागदपत्रं, फोटो, ध्वनिमुद्रणं यांवर खुणा (याला ‘कोड’ म्हणतात) करून त्या खुणांची जुळणी बघण्याचा प्रोग्रॅम. मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. कॉलिन कर्टन यांनी तो पायथन या संगणकभाषेत लिहिला. तुमचा सगळा मजकूर तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये राहतो. आपल्या विषयात ही गोष्ट फार मोठी आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्याचं कलम 22 गोपनीयतेचं आहे. मध्यस्थीत झालेली कबुली, देऊ केलेला तोडगा, मध्यस्थाची टिपणं सगळं त्यात येतं, आणि बैठकीचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करायलाही मनाई आहे. त्यामुळे बैठकीत बसून नोंद घेण्याचा मार्ग संशोधकाला जवळजवळ बंदच. उरतं ते प्रकरण संपल्यावर पक्षकाराशी बोलणं, आणि तेही ‘आत काय ठरलं’ यापेक्षा ‘तुम्हाला तिथे कसं वाटलं, पुढे काय झालं’ या अंगाने. मी गावाचं नाव, गट नंबर, माणसांची नावं बदलूनच फाइल आत घेते. नव्या आवृत्त्यांत एआयची मदत घेण्याची सोय आहे, ती मी चालूच केलेली नाही. दुसऱ्याच्या घरातली भांडणं बाहेरच्या सर्व्हरवर पाठवण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

आता मराठीचं. प्रोग्रॅमचा मेनू मराठीत नाही, पण मजकूर मराठीत ठेवता येतो, कोडची नावंही देवनागरीत देता येतात. खरी अडचण आपल्या कागदांची आहे. जुने ठराव, तंटामुक्ती समितीची इतिवृत्तं श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटात टाइप केलेली असतात. ती तशीच आत घेतली की अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करायला हवं, आणि रूपांतरानंतर एकदा स्वतः वाचायलाच हवं, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात. दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणाच्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, कुणाच्या साधा र आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की एकच प्रकार सापडतो. तीन जणांनी मुलाखती टाइप केल्या असतील तर आधी सगळ्या फाइलींत एकच पद्धत करून घ्या. शोधाच्या आकड्यांवर विसंबणाऱ्याने हे केलंच पाहिजे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोडपुस्तकाने, म्हणजे सगळ्या कोडांच्या व्याख्यांसहित यादीने. प्रत्येक कोडला टिपण जोडता येतं: हा कोड कधी लावायचा, कधी नाही, नमुन्याचं वाक्य कोणतं. सुरुवातीला माझ्याकडे अभ्यासातून आलेले कोड होते. 1970 च्या दशकात थिबो आणि वॉकर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं होतं की माणसाला निकालाइतकंच आपलं म्हणणं मांडायला मिळालं का हे महत्त्वाचं वाटतं. म्हणून ‘म्हणणं मांडता आलं’, ‘मानाने वागवलं’, ‘मध्यस्थ कुणाच्या बाजूचा नव्हता’ असे कोड आधीच तयार होते. वाटणीच्या प्रकरणांत ते अपुरे पडले. कागदावर पक्षकार दोन भाऊ, तडजोड झालेली, सह्या झालेल्या. बहिणींशी वेगळं बोलल्यावर दुसरीच गोष्ट समोर यायची: भावांचं ठरलं, मग हक्कसोडपत्रावर सहीसाठी त्यांना बोलावलं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. पण वाटणीचा तंटा ‘मिटला’ अशी नोंद होते तेव्हा त्या हक्काचं काय झालं हे नोंदीत कुठेच नसतं. मी ‘सहीपुरतं बोलावणं’ हा कोड केला आणि आधीच्या सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या. तो कोड भावांच्या बोलण्यातही सापडला, आडून: ‘ताईचा काही प्रश्नच नव्हता.’ संशोधन पद्धतीच्या वर्गात ‘नमुना निवड’ म्हणून जे शिकवतात त्याचा अर्थ मला इथे पटला. कागदावर ज्याचं नाव आहे त्यालाच भेटलात तर तंट्यातली अर्धी माणसं तुमच्या अभ्यासात येतच नाहीत.

प्रोग्रॅममधली ‘केस’ची सोय यासाठी उत्तम आहे. एका तंट्याला एक केस करायची, त्याखाली सगळ्यांच्या मुलाखती, मोजणीचा नकाशा, तहसीलदारांचा आदेश जोडायचा. केसला गुणविशेष देता येतात: तंट्याचा प्रकार, किती वर्षं चालला, पक्षकार पहिल्यांदा आला की नेहमीचा. हा शेवटचा गुणविशेष मी अमेरिकी कायदा-अभ्यासक मार्क गॅलँटर यांच्या 1974 च्या मांडणीवरून घेतला: कोर्टात नेहमी येणारा पक्षकार एकदाच येणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो. मोटार अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी नेहमीची असते आणि जखमीचं कुटुंब आयुष्यात एकदाच आलेलं असतं. दोघांसाठी ‘लवकर मिटवणं’ सारखं नसतं. बांधाच्या भांडणात दोघेही एकदाच आलेले असतात, पण गावात एकाच्या मागे माणसं असतात आणि दुसऱ्याच्या मागे नसतात. मग तोही गुणविशेष वाढवला.

दोन जणांनी स्वतंत्र कोडिंग करून तुलना करण्याची सोय आहे आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाचा भाग वगळून दोघांचं किती जुळलं हे सांगणारा आकडा, लगेच मिळतो. तो समजून घेतल्याशिवाय वापरू नका. समजा दोघांनीही एक कोड दहा टक्के मजकुरावर लावला आणि नव्वद टक्के मजकुराबाबत दोघांचं एकमत आहे. ऐकायला छान वाटतं. पण कोड एवढा विरळ असताना निव्वळ योगायोगानेच 82 टक्के एकमत होतं, आणि कप्पा येतो साधारण 0.44. शिवाय तुलना अक्षरांच्या मोजणीवर होते, त्यामुळे एकाने वाक्य निवडलं आणि दुसऱ्याने परिच्छेद, तरी आकडा घसरतो. मी आणि माझी सहकारी आता आधी ठरवतो की एकक म्हणजे एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर. आकड्यापेक्षा मतभेदाच्या जागा वाचणं जास्त उपयोगाचं आहे. ‘जाऊ द्या म्हटलं, किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या’ याला तिने ‘समाधान’ लावलं होतं, मी ‘थकून सोडलं’. त्यावर आमची दुपार गेली आणि दोन्ही कोडांच्या व्याख्या सुधारल्या.

संख्यांच्या कामासाठी मात्र हा प्रोग्रॅम नाही. त्यासाठी मी नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड (न्यायालयांतल्या प्रकरणांच्या आकडेवारीचं सरकारी संकेतस्थळ) आणि साधी स्प्रेडशीट वापरते. ग्रिडवर न लढता निकाली निघालेल्या प्रकरणांत तडजोड असते, दावा काढून घेणं असतं आणि कुणी हजरच न राहिल्याने फेटाळलेला दावाही असतो. तो आकडा ‘समेट’ म्हणून वापरू नये. लोकअदालतीच्या आकड्यांत दाखलपूर्व प्रकरणं किती आणि प्रलंबित किती हे वेगळं केल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. आणि यशाचं प्रमाण कुणी सांगितलं की ‘कशापैकी’ हे विचारावं. शंभर प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवली, साठांत बैठक झाली, तीस मिटली, तर तीस टक्केही खरं आणि पन्नास टक्केही खरं. तंटामुक्त गाव मोहिमेचे आकडे वाचतानाही हे लागू पडतं. 2007 मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत तंटे मिटवण्यावर गावाचं बक्षीस अवलंबून होतं. मोहिमेने खूप गावांत माणसं एकत्र बसवली हे मी स्वतः पाहिलं आहे, पण जिथे नोंदीवर बक्षीस मिळतं तिथे नोंद कुणी आणि केव्हा केली हे संशोधकाने विचारायलाच हवं.

उणिवा दोन. दोघांनी एकाच वेळी एकाच प्रकल्पावर काम करावं असा हा बनलेला नाही. आम्ही आळीपाळीने करतो आणि रोज फोल्डरची प्रत काढतो. दुसरं, पडदा सुरुवातीला फार भरलेला वाटतो. पहिल्या आठवड्यात फक्त फाइल, कोड आणि टिपणं एवढंच वापरा, अहवाल नंतर.

तुमच्याकडे आठ-दहाच मुलाखती असतील आणि केस, गुणविशेष नको असतील तर टॅगेट हे असंच कोडिंगचं साधं सॉफ्टवेअर घ्या. तेही मोफत आहे, आपल्या संगणकावर चालतं आणि एका दुपारी शिकून होतं. एका तंट्यात चार-पाच माणसं, शिवाय नकाशे आणि आदेश असतील तर क्वालकोडरच घ्या. माझी पुढची फेरी आता ज्यांचे रस्ते खुले झाले होते त्यांच्याकडे पुन्हा जाण्याची आहे, ऊसतोड सुरू झाल्यावर, कारण ट्रॅक्टर त्या रस्त्याने जातो की नाही हे त्याच वेळी कळतं. त्यासाठी केसमध्ये ‘हंगामानंतरची स्थिती’ असा नवा रकाना केला आहे.