141 मिलिमीटर आणि 25,499 रुपये

माझे 25,499 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. दुसरा प्रश्न असतो, "कशापायी?" मालगाडीच्या वाघिणींपायी. खेळण्यातल्या म्हणा हवं तर, मला आता राग येत नाही. (खोटं. येतो.)

मी वास्कोत वाढलो. बंदरातून कोळसा भरून कर्नाटकाकडे निघालेले रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, वर्षानुवर्षं बघतोय. खिडकीच्या चौकटीवरची काळी पूड पुसत प्रदूषणाला शिव्या घालायच्या आणि त्याच गाडीच्या वाघिणी मोजायच्या, 58 भरल्या की बरं वाटतं, असला हा छंद. त्या वाघिणीचं नाव बॉक्सएन. रिकामी साडेबावीस टनांच्या आसपास, भरली की 81 टनांच्या वर. कुळ्याहून कॅसलरॉकच्या 1:37 चढावर रेकला मागून इंजिनं लावतात. तो आवाज ज्याने दूधसागरापाशी ऐकलाय, त्याला तरी मी वेडा वाटणार नाही.

परदेशी वाघिणींची मॉडेलं पैसे टाकले की मिळतात. आपली बॉक्सएन एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, सहज मिळत नाही. कोणी हौशी माणूस घरी बनवतो, चार-सहा विकतो, आगाऊ पैसे घेतो. मी याआधी दोनदा असे पैसे दिलेत आणि माल नीट आलाय. त्यामुळे "आगाऊ दिलेसच कशाला" हे मला कोणी शिकवू नये.

या वेळी ज्याला पैसे दिले, त्याचा भाव असा: सहा वाघिणी, 2,900 ला एक, 17,400. गार्डाचा डबा 3,100. एकूण 20,500, अर्धे आधी. पूर्ण रेक मागवायला मी खुळा नाही. 12.3 सेंटिमीटरची एक, अशा 58 लावल्या तर सात मीटरच्या वर जातात. आमचा हॉल चार मीटर.

आता ती जागा, जिथे माझे डोळे उघडायला हवे होते. त्याने फोटो पाठवला. हिरव्या कटिंग मॅटवर वाघीण, तिला लागून स्टीलची पट्टी. खरी बॉक्सएन कपलिंग धरून 10,713 मिलिमीटर. भागिले 87, आले 123. पट्टीवर वाघीण संपत होती 141 वर. मी फोटो मोठा करून पाहिला. दोनदा. 141 म्हणजे 1:76, ब्रिटिश ओओ माप. म्हणजे मॉडेल दुसऱ्या कोणाचं, फोटोही चोरलेला. हे गणित मला झोपेतही येतं. आणि मी ते विचारलंसुद्धा!

"भाऊ, पट्टीवर 141 दिसतंय. एचओत 123 यायला हवं ना?"

"दादा, कॅमेऱ्याचा अँगल आहे. पण तुमची नजर भारी हां, एवढं कोणी बघत नाही."

या "नजर भारी"वर मी पाघळलो. घरात माझ्या नजरेचं कौतुक कोणी करत नाही हो. लगेच 10,250 पाठवले. पाठवताना नाव आलं एका बाईचं. "बायकोचं खातं" म्हणाला. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा.

दहा दिवसांनी "माल तयार" म्हणून दुसरा फोटो, सहा वाघिणी ओळीत. वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो, त्यातले सातवा ते दहावा हे आकडे त्या एकाच वाघिणीचे. इथे सहांवरही तेच चार. एकच फोटो सहा वेळा चिकटवलेला. मी मनाशी म्हटलं, स्टिकरचा एकच संच छापला असेल, हौशी माणसं करतात तसं. उरलेले 10,250 गेले. मग पार्सल "कुठेतरी अडकलं", 4,999 भरा, माल हातात देताना कुरियरवाला रोख परत करेल. असली गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती, तरी भरले. अडकलेले सोडवायला नवे घालायचे नसतात, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. व्हिडिओ कॉल करून वाघीण हातात धरून दाखव म्हणायला हवं होतं, तेही सुचलं नाही.

मग त्याचा फोन बंद. लाजेपोटी मी तीन दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका, त्याच तासाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

बँकेत (नाव लिहीत नाही) काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजरही न हलवता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" अर्ज द्या. अर्ज दिला. तो दुसऱ्या शाखेत द्यायचा होता. तिथे म्हणाले, आधी पोलिसांची पोच आणा. ठाण्यात गेलो तर आधी बँकेचं पत्र हवं! दोन्हीकडे मिळून सहा फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. ठाण्यातल्या हवालदाराने स्क्रीनशॉट पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "पंचवीस हजार? खेळण्यांक?" मग मला विचारलं, मुलगा केवढा आहे. मुलगा बंगळुरूला नोकरी करतो, साहेब. दोघं हसले. खातं दुसऱ्या राज्यातलं, पैसे निघून गेलेले, "बघूया". त्या "बघूया"ला आता चार महिने झाले. पंचवीस हजारांची सोन्याची चेन गेली असती तर हसले असते का?

हिला अजून 10,250च सांगितलेत.

मागच्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. नाव दुसरं, भाव 2,700. तेच हिरवं मॅट, तीच वाघीण. पट्टी मात्र कापून टाकलेली.