नराला तीन फुटी, मादीला चार फुटी : बॉल पायथनच्या पेट्या वापरून बघितल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या आधी माझ्या दोन बॉल पायथनसाठी (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन पेट्या करून घेतल्या. वॉटरप्रूफ प्लाय, आतून मायका, पुढं सरकत्या काचा. नराला तीन फुटी, मादीला चार बाय दोनची. "दोन्ही एका मापाच्या करूया की, प्लाय वाया जाणार नाही," असं कारागिराचं म्हणणं होतं. मी अडून बसलो.

अंड्यातून निघताना दोघं सारखेच असतात, पन्नास-सत्तर ग्रॅमचे. पुढं नर साधारण तीन-साडेतीन फुटांवर रेंगाळतो, मादी चार-साडेचार फूट गाठते. पण लांबीपेक्षा जाडीत फरक जास्त जाणवतो. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त मावतात. शिवाय अंड्यांभोवती वेटोळं घालून ती जवळजवळ दोन महिने बसते, त्या काळात बहुधा खातही नाही. तेवढा साठा अंगावर असावाच लागतो.

माझी दोन्ही आणली तेव्हा वजनाला सारखीच होती. आता किचनच्या काट्यावर आइस्क्रीमच्या डब्यात ठेवली की मादी किलोच्या पुढं, नर सातशेच्या आसपास. थंडीत नरानं उंदराकडं ढुंकूनही बघितलं नाही; नर असं करतातच, वजन फार उतरलं नाही तर घाबरायचं कारण नाही. मोजायचं तर वजनच मोजा. कातेवर टेप लावू नका, निघताना ती ताणली जाते आणि साप उगाच लांब वाटतो.

मादीच्या ताकदीचा अंदाज काचेवरून आला. रात्री ती नाक घालून काच सरकवायची, सकाळी बोटभर फट दिसायची. दुकानाच्या शोकेसला लावतात ते कुलूप बसवलं, विषय संपला. नराच्या पेटीला अजून लागलेलं नाही. पेटीला ऊब देणाऱ्या हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणारा स्विच, मात्र दोन्हीकडं पाहिजेच. जुलैत एका कोपऱ्याला बुरशी धरली. सांध्यात सिलिकॉन भरायचं राहिलं होतं.

आता "मादी म्हणजे मोठी" हे सगळ्या सापांना लावू नका. कॉर्न स्नेकमध्ये नर बरोबरीचा, कधी थोडा मोठाच असतो. आपल्या धामणीतही नरच मोठा. उसाच्या बांधावर दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक जुळण समजून त्यांच्यावर कापड टाकतात. ते दोन्ही नर असतात, कुस्ती चाललेली असते. ज्या जातींत नर असे झुंजतात तिथं बऱ्याचदा दांडगा नर जिंकतो, म्हणून अंगानं नर वाढलेला. कोल्हापूरकराला हे वेगळं समजवायला नको! उलट टोक हिरव्या ॲनाकोंडाचं, तिथं मादी नराच्या कित्येक पट वजनाची.

म्हणून पेटी सांगण्याआधी जात आणि लिंग पक्कं करा. विकणारा नुसता बघून "मादी आहे" म्हणाला तर धरून चालू नका. जाणकार बारीक सळई घालून तपासतात, नरात ती खोल जाते. घरी हा प्रयोग नको, सापाला इजा होते. आणि धामण, नाग पाळायचा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. बॉल पायथनचीही केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

चार फुटी पेटीबद्दल तक्रार नाही. तीन फुटीत नर सध्या सुखात आहे, पण पुन्हा करायची झाली तर त्यालाही सहा इंच वाढवून घेईन.