सासूबाईंचं केअर होम, मेलबर्न: पाचपैकी चार

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका एज्ड केअर होमबद्दल, म्हणजे वृद्धांची काळजी घेणाऱ्या निवासाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण सासूबाई अजून तिथेच आहेत आणि मला तक्रारीही करायच्या आहेत.

सासूबाई रत्नागिरीच्या, एसटीत कॅशियर होत्या. डिमेन्शिया वाढला तसं आधी इंग्रजी गेलं, मग हिंदी विस्कटलं. मराठी ठणठणीत आहे, शिव्यांसकट.

दाखल करताना आहाराच्या फॉर्मवर प्रश्न होता: शाकाहारी, हो की नाही? आमच्याकडे सोमवार-गुरुवार हो, श्रावणभर हो, एरवी मासे नसतील तर ताटावर रुसवा. फॉर्मवर चौकोन दोनच. ऑफिसातल्या मुलीनं ‘हो’वर खूण केली आणि भोपळ्याचा लझान्या सुरू झाला. मग तिथल्या लाइफस्टाइल कोऑर्डिनेटर बाई (रहिवाशांच्या आवडीनिवडी आणि दिनक्रम बघणाऱ्या) माझ्याशेजारी वही घेऊन बसल्या. वारांचा तक्ता केला आणि स्वयंपाकघरात लावला. आता मासे मिळतात. बेचव असतात, तिखटमिठाची डबी आम्ही खोलीत ठेवली आहे, पण मासे आहेत.

अंघोळीचं प्रकरण मोठं. ड्यूटीच्या वेळापत्रकात त्यांचा शॉवर दुपारचा होता. त्या हात झटकायच्या, एकदा केअररला ढकललंही. फाइलमध्ये नोंद झाली, ‘सहकार्य करत नाहीत’. वृद्धांच्या काळजीबद्दलच्या सरकारी चौकशी आयोगाच्या, म्हणजे रॉयल कमिशनच्या २०२१ च्या अहवालात औषधं देऊन माणसांना गप्प ठेवण्यावर ताशेरे आहेत, म्हणून मी सर्वांत आधी विचारलं, काही गोळी सुरू केलीत का? केली नव्हती. उलट नर्सनंच मला विचारलं, ‘त्या घरी कधी अंघोळ करायच्या?’ उजाडायच्या आत, चहाच्या आधी, आणि पुरुषमाणूस आसपास नको. रात्रपाळीच्या नेपाळी केअरर बाईंनी पाळी संपायच्या आधी हे काम स्वतःकडे घेतलं. आता सासूबाई त्यांना ‘बाय, पाणी तापलं काय?’ विचारतात. फाइलमधली ती नोंद काढून टाकली आहे. चारपैकी तीन तारे मी याचेच देतेय.

चौथा ट्रॉलीचा. चॉकलेट-बिस्किटांची एक ट्रॉली होमभर फिरते, तिची चिल्लर दुपारी सासूबाईंकडे मोजायला येते. नातवाचं नाव आठवत नाही, पण वीस सेंटच्या चवडी चुकत नाहीत. हिशेब जुळला की त्या सही करतात. ती सही जपून ठेवतात, हे मला आवडलं.

पाचवा तारा कापला तो शनिवार-रविवारसाठी. एजन्सीचे केअरर येतात, तक्ता वाचत नाहीत, साडेपाचला जेवण समोर ठेवतात आणि सहाला ताट उचलतात. रत्नागिरीत तेव्हा चहाची भांडीसुद्धा विसळून झालेली नसायची! आठवड्यातले नेहमीचे लोक त्यांचं ताट साडेसातला गरम करून देतात. म्हणजे जमतं.

शोधणाऱ्यांसाठी थोडं. सरकारी स्टार रेटिंगचा एकूण आकडा बघून थांबू नका, आतले चार भाग उघडा. त्यात रहिवाशांच्या अनुभवाचं वजन सर्वांत जास्त, ३३ टक्के. दिवसाला माणशी २१५ मिनिटं काळजी असा नियम आहे, त्यातली ४४ रजिस्टर्ड नर्सची, पण ही देशभरातल्या होम्सची सरासरी आहे, प्रत्येक होमचा आकडा तिथल्या रहिवाशांच्या गरजेप्रमाणे वेगळा असतो. तुमच्या आईच्या वाट्याला तेवढीच येतील असं नाही, घड्याळ लावून भांडू नका. मूळ दैनिक शुल्क एकट्या माणसाच्या मूळ एज पेन्शनच्या (सरकारी वृद्धापकाळ पेन्शनच्या) ८५ टक्के, खोलीचे पैसे वेगळे. बघायला जाल तेव्हा रविवारी संध्याकाळी जा. मॅनेजर नसते, बाग कोणी दाखवत नाही. एखाद्या केअररला विचारा, ‘पाच नंबरच्या आजींना काय आवडत नाही?’ उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा.

पार्किंग अगदी कमी आहे, ट्रामनं गेलेलं बरं.