पोलीस वाहिन्या बंद होत असताना घेतलेला डिजिटल स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सांता क्लारा काउंटीत राहून मी गेले काही महिने हातात धरायचा एक डिजिटल स्कॅनर, म्हणजे पोलीस, अग्निशमन दल वगैरेंचे रेडिओवरचे बोलणे ऐकण्याचे यंत्र, जवळजवळ रोज वापरतो आहे. साडेसहाशे ते सातशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या आणि पी-२५ या सुरक्षा खात्यांच्या डिजिटल रेडिओ पद्धतीच्या दोन्ही टप्प्यांचे संदेश उलगडणाऱ्या यंत्रांपैकी हे एक आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेवाईट या वर्गातल्या बहुतेक यंत्रांना लागू पडते. शिवाय यंत्र कसे आहे यापेक्षा त्यावर ऐकायला काय उरले आहे, हा प्रश्न आता मोठा झाला आहे. केवळ पोलिसांचे बोलणे ऐकण्यासाठी कोणी एवढे पैसे घालणार असेल, तर त्याने आपल्या काउंटीतल्या कोणत्या वाहिन्या अजून खुल्या, म्हणजे कोणालाही ऐकता येतील अशा, आहेत हे आधी तपासावे. माझ्या भागात त्या मोजक्याच आहेत.

यंत्राचे कौतुक आधी करतो, कारण ते खरोखर कौतुकास्पद आहे. इथली बरीचशी सार्वजनिक सुरक्षा खाती सिलिकॉन व्हॅली रीजनल कम्युनिकेशन्स सिस्टीम या सामायिक डिजिटल यंत्रणेवर बोलतात. तिचे अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तोच संदेश सोडतात. पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या रेडिओंना हे सोयीचे असते, पण दोन टॉवरांकडून येणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे पोहोचल्या की जुन्या स्कॅनरला त्यातले अंक वेगळे काढता येत नाहीत. सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि कानावर मात्र कोणी पाण्याखालून बोलत असल्यासारखी गुरगुर पडते. जुनी यंत्रे वापरणारे म्हणूनच एकाच टॉवरचा सिग्नल मिळेल असा घरातला कोपरा शोधत किंवा एका दिशेला रोखलेला अँटेना लावत. नव्या यंत्रात येणाऱ्या लहरीचे आय आणि क्यू असे दोन्ही घटक अंकांत उतरवून घेतात, त्यामुळे लहरीच्या तीव्रतेबरोबर तिची कलाही (लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) हाती लागते आणि ही खिचडी बऱ्याच अंशी निवडता येते. आतल्या खोलीतल्या टेबलावर, सोबत आलेल्या आखूड अँटेनावरसुद्धा मला बहुतेक संदेश स्वच्छ ऐकू येतात. झिप कोड भरला की जवळपासच्या वाहिन्यांची यादी यंत्र स्वतःच लावून घेते, हीदेखील मोठी सोय आहे.

तक्रारीही आहेत. बॅटरी सकाळी भरून घेतली तर संध्याकाळपर्यंत पुरेलच याचा भरवसा नाही, आणि तासाभराने यंत्राची पाठ चांगलीच गरम होते. डीएमआर आणि एनएक्सडीएन या आणखी दोन डिजिटल रेडिओ पद्धतींचे संदेश ऐकण्यासाठी वेगळे पैसे भरून ती सोय उघडून घ्यावी लागते, जी एवढ्या किमतीच्या वस्तूत आधीपासूनच असायला हवी होती. यादी संपादित करण्याची प्रणाली फक्त विंडोजवर चालते. मेनूची रचना समजायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की त्रास उरत नाही.

आता एन्क्रिप्शनविषयी, म्हणजे किल्लीशिवाय समजू नये म्हणून संदेश सांकेतिक रूपात बदलण्याविषयी. माझ्या शहराच्या पोलिसांचा मुख्य टॉकग्रुप (आपसांत बोलणाऱ्या रेडिओंचा गट) सुरू झाला की पडद्यावर त्याचे नाव उमटते, बोलणाऱ्या रेडिओचा क्रमांक उमटतो आणि शेजारी ‘ईएनसी’ ही अक्षरे येतात. आवाज मात्र बंदच राहतो. रेडिओंना फ्रिक्वेन्सी वाटून देणारा यंत्रणेचा कंट्रोल चॅनेल खुला असल्यामुळे कोणता टॉकग्रुप कोणत्या फ्रिक्वेन्सीवर गेला हे स्कॅनरला समजते, फक्त बोलणे समजत नाही. रात्री एखाद्या गस्तीच्या टॉकग्रुपवर वेगवेगळे रेडिओ क्रमांक एकामागून एक उमटू लागले की शहरात काहीतरी घडते आहे एवढा अंदाज येतो, आणि तो तेवढ्यावरच थांबतो. एईएस-२५६ सारख्या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बंद केलेला संदेश किल्लीशिवाय उघडणारा स्कॅनर बाजारात नाही. तसा दावा करून कोणी काही विकत असेल तर पैसे वाया जातील, आणि तसा संदेश उघडण्याचा खटाटोप १९८६ च्या संघराज्य कायद्याखाली गुन्हाही ठरतो.

कॅलिफोर्नियात हे बंद होणे अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने पोलीस खात्यांना एक सूचनापत्र पाठवले. गुन्हेगारी नोंदींच्या संगणकातून मिळालेली माहिती आणि नागरिकांचा वैयक्तिक तपशील रेडिओवर उघड होऊ नये, यासाठी एक तर वाहिन्या एन्क्रिप्ट कराव्यात किंवा असा तपशील खुल्या वाहिनीवर उच्चारला जाणार नाही असे धोरण लिहून ठेवावे, असे दोन पर्याय त्यात होते. अनेक खात्यांनी पहिलाच निवडला. पालो आल्टोच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये सगळे बंद केले. मात्र तेव्हाचे नवे पोलीस प्रमुख अँड्र्यू बाइंडर यांच्या काळात, सप्टेंबर २०२२ पासून, तीच मुख्य वाहिनी पुन्हा खुली झाली. माझ्या स्कॅनरवर सर्वाधिक ऐकले जाणारे पोलीस खाते आज हेच आहे. गाडी थांबवल्याची नोंद, चोरीची सूचना, एखाद्या वृद्धाची खुशाली पाहायला पाठवलेला अधिकारी, असे रोजचे काम त्यावर ऐकू येते.

माझे मत असे की परवाना क्रमांक, जन्मतारीख आणि पूर्ण नाव एका दमात रेडिओवर वाचून दाखवणे चुकीचेच होते, आणि ते कोणाच्याही स्वयंपाकघरातल्या स्कॅनरवर ऐकू येऊ नये. ओलीस प्रकरण किंवा गुप्त पाळत यांसाठी वेगळी, बंद वाहिनी असण्यालाही माझा आक्षेप नाही. पण तेवढ्यासाठी संपूर्ण वाहिनी बंद करावी लागतेच असे नाही, हे शेजारच्याच शहराने, त्याच राज्याच्या त्याच नियमाखाली दाखवून दिले आहे. शिकागोने २०२२ पासून वेगळी वाट धरली असून वाहिन्या एन्क्रिप्ट करून त्यांचे ध्वनिमुद्रण जनतेला ३० मिनिटे उशिरा ऐकवले जाते. अभ्यासकाला ते पुरेसे असेल, परंतु समोरचा रस्ता पोलिसांनी का अडवला आहे हे जाणून घेऊ पाहणाऱ्या रहिवाशाला अर्ध्या तासापूर्वीचा आवाज काय कामाचा? न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही जुलै २०२३ पासून ब्रुकलिनमधून टप्प्याटप्प्याने वाहिन्या बंद करायला सुरुवात केली, तेव्हा तिकडच्या मराठी मित्रांनी पोलिसांच्या भरवशावर हे यंत्र घेऊ नये.

मग माझे पैसे कशात वसूल झाले? सर्वात आधी आगीच्या हंगामात. कॅल फायर या राज्याच्या वनअग्निशमन खात्याचे काम अजून मुख्यतः साध्या, खुल्या व्हीएचएफ फ्रिक्वेन्सींवर, १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. ऑगस्ट २०२० मध्ये विजांमुळे लागलेल्या सीझेडयू नावाच्या आगीत सांताक्रूझच्या डोंगरांत ८६,००० एकरांहून अधिक प्रदेश आणि सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी राहणारे लोक उन्हाळ्यात धुराचा वास आला की आधी रेडिओकडे वळतात. नियंत्रण कक्ष आगीला नाव देतो, पाठोपाठ कमांडची (सूत्रे हलवणाऱ्या अधिकाऱ्यांची), टॅक्टिकलची (प्रत्यक्ष आगीवरच्या तुकड्यांची) आणि विमानांची फ्रिक्वेन्सी सांगतो. ही यादी ऐकून १५१.२२० वर गेले की विमानातून वर घिरट्या घालणारा अधिकारी जमिनीवरच्या तुकडीला आग किती एकरांवर आहे, वाऱ्याची दिशा कोणती आणि घरांना धोका आहे का, हे शांतपणे सांगत असतो. होलिस्टरच्या तळावरून निघालेली टँकर विमाने किती मिनिटांत पोहोचतील तेही कळते. सरकारी इशारा फोनवर येण्याआधी हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अर्थात घर सोडण्याचा निर्णय मात्र अधिकृत सूचनेवरच घ्यावा.

दुसरे म्हणजे हायवे पेट्रोल, अर्थात राज्याचे महामार्ग पोलीस. त्यांचे मुख्य संभाषण आजही ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या ॲनालॉग पट्ट्यात आहे. तेवढ्या लांब लहरीसाठी पाव-लहरीचा अँटेना सुमारे पावणेदोन मीटर लागतो, त्यामुळे यंत्रासोबतच्या वीतभर अँटेनावर नुसती खरखर येते. मी गच्चीवर एक साधी उभी तार बांधली, तेव्हा कुठे १०१ आणि २८० या महामार्गांवरचे बोलणे ऐकू आले. ‘अकरा-ब्याऐंशी’ म्हणजे कोणी जखमी नसलेला अपघात, ‘अकरा-पंचवीस’ म्हणजे रस्त्यात पडलेला अडथळा. गाडीचा नंबर वाचताना अक्षरांसाठी ॲडम, बॉय, चार्ल्स अशी नावे घेतात. कान सरावला की कामावर निघण्यापूर्वी कोणता रस्ता टाळायचा ते दोन मिनिटांत समजते. विमानांच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याविषयी फार लिहीत नाही. घरातल्या मुलांना तोच सर्वात जास्त आवडतो.

हे सगळे कमी पैशात जमवायचे असेल तर तीस-चाळीस डॉलरची यूएसबी एसडीआर कांडी (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) आणि मोफत एसडीआरट्रंक प्रणाली यांवर लॅपटॉपमध्ये पी-२५ चांगले ऐकता येते, मात्र ते खिशात घालून डोंगरावर नेता येत नाही. कॅलिफोर्नियात खुले संदेश ऐकणे कायदेशीर आहे. ऐकलेल्या पोलीस संदेशाचा गुन्ह्यासाठी किंवा अटक टाळण्यासाठी उपयोग करणे हा गुन्हा आहे. सुट्टीवर पुण्या-मुंबईला जाताना हे यंत्र बॅगेत टाकू नये, कारण भारतात साध्या रेडिओ संचाची गोष्ट वेगळी असली तरी बिनतारी उपकरण बाळगायला परवानगी लागते, आणि हे बंधन १९३३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. तिकडच्या ज्या वाचकांना या विषयाचा नाद आहे त्यांनी हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा द्यावी. त्यात ऐकण्याबरोबर बोलताही येते.