डीटीपीच्या दुकानात लिब्रेऑफिस, स्क्राइबस आणि इंकस्केप: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेची कार्डं, करारनामे आणि वर्षाकाठी एखादी स्मरणिका, असं कामाचं स्वरूप. दुकानात दोन कॉम्प्युटर. त्यातला एक मी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे लिनक्स मिंटवर (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) नेला. तेव्हापासून त्यावर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), स्क्राइबस (पानं मांडायला), इंकस्केप (चित्रं-डिझाइनला) आणि गिंप (फोटोंना) एवढ्यावरच काम चालतं. दुसरा कॉम्प्युटर विंडोजवरच आहे आणि तो का ठेवला तेही पुढे सांगते.

तारीख ठरायला एक साधं कारण होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझं मशीन २०१४ चं, चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचं. विंडोज ११ साठी जे प्रोसेसर चालतात त्या यादीत ते बसत नाही. पण मला खरं हलवलं ते आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी.

गुरुजी दसऱ्याच्या आधी दुकानात आले. म्हणाले, "ताई, २००६ ची आपली शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ती परत छापायची आहे. फाइल असेल ना तुमच्याकडं?" फाइल होती. सीडी जपून ठेवली होती आणि ती वाचलीही गेली. पण स्मरणिका ज्या मराठी टायपिंगच्या पॅकेजात केली होती त्याचं लॉक, म्हणजे ज्याशिवाय पॅकेज चालतच नाही ती छोटी डबी, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागायचं. तो पोर्ट आता कुठल्या मशीनला नाही, आणि लॉकही केव्हाच बिघडलं. फाइल दुसरीकडे उघडली तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. एकशे बारा पानं. गावातल्या कितीतरी गेलेल्या माणसांच्या आठवणी त्यात होत्या, माझ्याच हातानं टाइप केलेल्या, आणि मलाच त्या वाचता येईनात. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

जुने मराठी फॉन्ट कसे चालायचे हे या धंद्यातल्यांना माहीत आहे. रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, आणि कुठला तुकडा कुठं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोड म्हणजे अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत; तिच्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही लावा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे. आमच्या धंद्यानं मात्र ते मनावर घ्यायला फार वर्षं लावली, आणि त्यात मीही होते. म्हणून ठरवलं की स्मरणिका नव्यानं करायची तर अशीच करायची, की पुढच्या वीस वर्षांनी कुणालाही उघडता यावी. ते कामच माझी परीक्षा ठरलं.

मशीनमध्ये एसएसडी घातली, रॅम ८ जीबी केली. मिंट बसायला अर्धा तास पुरला. स्क्रीन, माऊस, इंटरनेट सगळं आपोआप चाललं. चाललं नाही ते प्रिंटरचं. आपल्याकडे दुकानादुकानात दिसतो तसा छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर माझ्याकडे आहे. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) जुना, तो बसवण्यात माझे दोन दिवस गेले, तरी दर चार-पाच प्रिंटनंतर अडकायचा. शेवटी तो विंडोजच्या मशीनला लावला आणि इकडून पीडीएफ तिकडे पाठवायला लागले. नेटवर्कवरचा दुसरा रंगीत प्रिंटर मिंटनं स्वतःहून शोधला आणि त्यानं आजवर एकदाही त्रास दिला नाही. तेव्हा ज्यांना इकडे यायचं आहे त्यांनी आधी आपल्या प्रिंटरचं मॉडेल लिनक्सवर चालतं का ते बघावं, बाकी सगळं नंतर.

टायपिंगचं सांगते. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी जुन्या पॅकेजच्या कळफलकावर डोळे मिटून टाइप करायची. तिला इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती दोनदा रडकुंडीला आली, हे लपवणार नाही. पण आता तिचा वेग पूर्वीइतका आहे. 'शेतकऱ्यांचा' मधला 'ऱ्य' काढायला जुन्या पॅकेजात वेगळी कळ पाठ करावी लागे. इथं शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्त, मग य. जसं अक्षर घडतं तसंच टाइप करायचं, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं आणि मग तिनं मागे वळून पाहिलं नाही.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या भागात, मराठीसाठी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट लावून घ्या, नाहीतर वैताग येतो. एक म्हणजे पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर जटिल लिपीची (देवनागरी त्यातच येते) भाषा मराठी करायची. माझ्याकडे एका पतसंस्थेचा अहवाल आला. निम्म्या परिच्छेदांत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, निम्म्यांत दोन्ही हिंदी वळणाचे. फॉन्ट एकच. अर्धा दिवस मी फॉन्टलाच दोष देत होते. मग खाली पट्टीत पाहिलं तर त्या परिच्छेदांची भाषा हिंदी लागलेली. भाषा मराठी केली आणि डोळ्यांदेखत अक्षरं बदलली. चांगल्या फॉन्टात मराठीची आणि हिंदीची रूपं दोन्ही असतात, आणि कुठलं दाखवायचं हे भाषेवरून ठरतं. वीस वर्षं या धंद्यात असून मला हे ठाऊक नव्हतं. स्मरणिकेला मी टिरो देवनागरी मराठी वापरला, मथळ्यांना मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता. दोन्ही मुक्त परवान्याचे, छापायला आणि कुणाला द्यायला मोकळे.

दुसरी गोष्ट म्हणजे रायटर रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतो, आकारही वेगळा. मजकूर १४ पॉइंट केला तरी मधले इंग्रजी आकडे १२ चेच राहतात आणि ओळ वेडीवाकडी दिसते. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जाऊन दोन्ही एकदाच ठरवा. स्टाइल वापरायची सवय मला आधी नव्हती. ती लागली आणि एकशे बारा पानांचे मथळे एका जागेवरून बदलता यायला लागले.

बाहेरून येणाऱ्या वर्डच्या फायलींचा अनुभव मिश्र आहे. इंग्रजी पत्रं, बायोडाटा जवळजवळ जसेच्या तसे उघडतात, कारण वर्डच्या कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया या फॉन्टांच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे पर्याय मिळतात. मराठीत विंडोजच्या मंगल फॉन्टला तसा जुळा फॉन्ट मला मिळाला नाही. सरकारी कार्यालयातून आलेला मंगलमधला तक्ता माझ्याकडे उघडला की दोन ओळी पुढच्या पानावर जातात. मजकूर दुरुस्त करायचा असेल तर काही बिघडत नाही. पण गिऱ्हाइकाला 'होतं तसंच पान' हवं असेल तर ते काम मी अजूनही विंडोजवर करते. शुद्धलेखन तपासणीही कच्ची आहे. मूळ शब्द ओळखते, पण प्रत्यय लागून शब्द लांबला की बरोबर शब्दाखालीही लाल रेघ. मी ती बंदच ठेवते आणि प्रूफं माणसाकडून वाचून घेते.

आता स्मरणिकेकडे येते. छापील प्रत गुरुजींकडे होती. ती स्कॅन केली आणि टेसरॅक्टनं त्यातून अक्षरं काढली. हे मूळचं एचपीच्या प्रयोगशाळेतलं सॉफ्टवेअर, २००५ मध्ये खुलं झालं, नंतर गूगलनं त्याला बळ दिलं, आणि मराठीचा वेगळा संच त्याला आहे. माझी अपेक्षा फार नव्हती. पण स्वच्छ छपाईच्या पानांवर ओळीमागून ओळ बरोबर आली. चुका कुठं? 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म', आणि 'ऱ्य' तर जवळजवळ प्रत्येक वेळी तुटलेला. 'शेतकऱ्यांचा' चं 'शेतकयांचा', 'दुसऱ्या' चं 'दुसया'. अशा शब्दांची यादी करून शोधा-बदला चालवलं. उरलेलं आम्ही दोघींनी वाचून दुरुस्त केलं, दुकान बंद झाल्यावर रोज दीड-दोन तास, पाच आठवडे. नव्यानं टाइप करायचं तर याच्या तिप्पट वेळ गेला असता.

पानं मांडायला स्क्राइबस. याची १.४ आवृत्ती मी पूर्वी पाहिली होती तेव्हा जोडाक्षरं सुटी पडायची, वेलांटी चुकीच्या जागी जायची, म्हणून सोडून दिलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये १.६ आली आणि त्यात देवनागरी नीट बसते. ज्यांनी जुनी आवृत्ती पाहून नाद सोडला असेल त्यांनी एकदा परत बघावं, असं मी मनापासून सांगते. चौकटीतून चौकटीत मजकूर वाहतो, मास्टर पानं (सगळ्या पानांना लागू होणारा साचा) आहेत, आणि पीडीएफ काढण्याआधी ते स्वतः तपासून सांगतं की अमुक चौकटीतला मजकूर ओसंडतो आहे, तमुक फोटोचं रिझोल्यूशन कमी आहे. प्रेसला पाठवण्याआधी ही तपासणी मला फार मोलाची वाटते. उणीव अशी की एकच सलग मजकूर चाळीस-पन्नास पानांवर वाहत असेल तर प्रत्येक दुरुस्तीला मशीन थबकतं. मी लेखागणिक चौकटींची वेगळी साखळी केली आणि ते थांबलं. तक्त्यांचं काम मात्र स्क्राइबसमध्ये करूच नये.

लग्नपत्रिकांना इंकस्केप. वेलबुट्टी, गणपती, चौकट, सगळं सुंदर होतं, आणि फाइल एसव्हीजी असल्यामुळे कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसते. पण इथं माझं एक काम बिघडलं. नोव्हेंबरातली एक पत्रिका छापून आली तर बारीक अक्षरांच्या कडा पुसट, दुहेरी. कारण माझंच होतं. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांत निघते. प्रेसवर प्लेटा करताना काळा रंग चारही शाईंत वाटला गेला, आणि चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षर फाटतं. तीनशे पत्रिका मी पदरच्या पैशानं परत छापून दिल्या. तेव्हापासून चित्र इंकस्केपमध्ये करते, मजकूर स्क्राइबसमध्ये टाकते, आणि काळा म्हणजे फक्त काळी शाई हे रंगांच्या यादीत तपासूनच सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) पीडीएफ काढते. त्यानंतर पत्रिकांची सव्वाशेच्या वर कामं झाली, एकही परत आलं नाही.

विंडोजवरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ मी काढलेलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या प्रेस, फ्लेक्सवाले, रेडियमवाले कोरलवर चालतात. एकमेकांत फाइल फिरते ती सीडीआर, म्हणजे कोरलची. इंकस्केप जुन्या सीडीआर उघडतं, आकार बरोबर येतात, पण मराठी मजकुराचा भरवसा नाही. शिवाय रात्री नऊला फ्लेक्सवाल्याचा फोन येतो की नाव बदललं, पाच मिनिटांत द्या. अशा वेळी वीस वर्षांची हाताची सवय कामाला येते, आणि कोरल त्यासाठी उत्तमच आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअरही विंडोजवरचंच, कारण आमच्या सीएंना त्यातलाच डेटा लागतो. एका शाळेची निकालपत्रकं मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप चालणारी कामं) लावलेल्या एक्सेलमध्ये आहेत. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली, बेरजा बरोबर आल्या, बटणं चालली नाहीत. म्हणून दुसरं मशीन आहे तसं ठेवलं आणि त्याचे परवाने रीतसर विकत घेतले. हे मुद्दाम लिहिते आहे. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं चोरीच्या प्रती चालल्या, माझ्याकडेही चालल्या. आता दोन्ही मशीन स्वच्छ आहेत आणि मला रात्री शांत झोप लागते.

गिऱ्हाईक विचारतं, "ताई, फुकटचं आहे म्हणून वापरता का?" पैसे वाचले हे खरं. पण लिब्रेऑफिस चालवणारी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था देणग्यांवर उभी आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून बाहेर पडलेल्या लोकांनी ते काम सुरू केलं, आणि त्याचे मेनू मराठीतही आणले गेले. लग्नसराई संपल्यावर मी तिथं थोडी रक्कम पाठवली. दरवर्षी पाठवायचं ठरवलं आहे.

स्मरणिका एप्रिलमध्ये छापून झाली. गुरुजींना मी प्रतींबरोबर एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल, स्क्राइबसची फाइल, फोटो, दोन्ही फॉन्ट आणि पीडीएफ. पंधरा दिवसांनी त्यांच्या पुण्यातल्या नातवाचा फोन आला. त्यानं फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली होती, लिब्रेऑफिस त्याच दिवशी उतरवून घेऊन. १९७१ च्या तुकडीत त्यांच्या घराण्यातल्या एकाचं नाव चुकलं होतं, २००६ पासूनच. ते त्यानं स्वतः दुरुस्त केलं आणि मला म्हणाला, "मावशी, पुढच्या छपाईला ही फाइल घ्या." ती मी माझ्याकडच्या प्रतीवर चढवून ठेवली आहे.